मिस फ्लॉरेन्स नायटिंगेल आणि मृतांची गणती

रात्रीच्या वेळीं हातांत दिवा घेऊन जखमी शिपायांच्या बिछान्यांमधून फिरणाऱ्या मिस फ्लॉरेन्स नायटिंगेल यांचें चित्र आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. परंतु तो दिवा त्यांच्या हातीं पुरतीं दोन वर्षेंहि नव्हता. त्यापुढें चाळीस वर्षें त्यांच्या हातीं लेखणी होती, आणि त्या लेखणीच्या कामाचा मोठा भाग आपल्या ह्या देशासाठीं झाला. कोणत्या ठिकाणीं किती माणसें मेलीं, कोणत्या रोगानें मेलीं, आणि त्यांतलीं किती वांचवितां आलीं असतीं, हें विचारण्याची व लिहून घेण्याची रीत घालून देण्यांत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें. ही हकीकत खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फारशी ठाऊक नाहीं, म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहरावरूनच त्यांस हें नांव मिळालें. वडील विल्यम एडवर्ड नायटिंगेल हे इंग्लंडांतील श्रीमंत जमीनदार होते. पुत्र नसल्यामुळें त्यांनीं आपल्या दोघी मुलींस स्वतः शिकविलें. ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय त्या काळच्या मुलींस क्वचितच मिळत, ते ह्या दोघींस घरींच मिळाले. धाकट्या फ्लॉरेन्सला मात्र सर्वांहून अधिक गोडी गणिताची होती, आणि तें शिकूं द्यावें म्हणून तिला घरच्यांशीं झगडावें लागलें. आईबरोबर ती गरिबांच्या झोंपड्यांत जाई व आजाऱ्यांजवळ बसे. वाड्यांतील मेजवान्या आणि झोंपड्यांतील ताप ह्यांमधलें अंतर तिच्या मनाला लहानपणींच बोंचूं लागलें.

७ फेब्रुवारी १८३७ रोजीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, देवानें आपणास त्याच्या सेवेस बोलाविलें आहे अशी तिची खात्री झाली. परंतु ती सेवा कोणती, हें त्या हांकेंत सांगितलेलें नव्हतें. तें कळावयास कित्येक वर्षें लागलीं, आणि कळल्यावरहि वाट मोकळी झाली नाहीं. १८४५ सालीं तिनें इस्पितळांत जाऊन शुश्रूषेचें काम शिकण्याची परवानगी मागितली, तेव्हां घरांत हाहाकार झाला. त्या काळीं इस्पितळांतील दायांची ख्याति दारूबाज व अडाणी अशी असे, व कुलीन घरच्या मुलीनें तेथें पाऊल टाकणें लज्जास्पद मानीत. एका सुविद्य गृहस्थानें लग्नाची मागणी घातली, तीहि तिनें पुष्कळ विचार करून नाकारली. ह्या वर्षांत ती एक काम गुपचुप करीत असे. पहांटे, घर जागें होण्यापूर्वीं, उठून ती आरोग्य व इस्पितळें ह्यांवरील सरकारी अहवाल वाची व त्यांतील आंकडे आपल्या वहींत उतरून घेई. वाट पाहण्याचीं वर्षें तिनें रिकामीं जाऊं दिलीं नाहींत.

जर्मनींत ऱ्हाइन नदीच्या कांठीं कायझर्सवर्थ नांवाचें एक गांव आहे. तेथील प्रॉटेस्टंट पाळक थिओडोर फ्लीडनर यांनीं १८३६ सालीं ख्रिस्ती स्त्रियांस आजाऱ्यांच्या व अनाथांच्या सेवेसाठीं तयार करणारी संस्था काढिली होती. १८५० सालीं मिस नायटिंगेल यांनीं ती पाहिली, आणि १८५१ सालीं तीन महिने तेथें राहून त्या शिकल्या. अन्न साधें, काम कठीण, दिवस पहांटेपासून रात्रीपर्यंत भरलेला. तरी आपण प्रथमच खरोखर जगलों असें त्यांस वाटलें. १८५३ सालीं लंडन शहरांतील आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेचा कारभार त्यांच्या हातीं आला.

पुढल्याच वर्षीं क्रिमियाचें युद्ध पेटलें. इंग्रजी फौजेच्या आजारी व जखमी शिपायांस तुर्कस्तानांत स्कुटारी येथें आणीत, व तेथील हाल वर्तमानपत्रांतून वाचून इंग्लंडांत मोठी खळबळ उडाली. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून मिस नायटिंगेल ३८ परिचारिकांस घेऊन निघाल्या व ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं स्कुटारीस पोंचल्या. ह्या स्त्रियांत रोमन कॅथलिक भगिनी होत्या व प्रॉटेस्टंट सेविकाहि होत्या. घरीं बसलेल्या पक्षाभिमानी लोकांनीं दोन्ही बाजूंनीं त्यांजवर टीकेचा भडिमार केला, पण बिछान्यावर पडलेल्या शिपायाचा पंथ विचारीत बसण्यास त्यांस वेळ नव्हता.

तेथील दुर्दशेचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे: बिछाने नाहींत, धुतलेले कपडे नाहींत, उंदीर व उवा मात्र अगणित. त्यांनीं स्वयंपाकघर व धुण्याची सोय उभी केली, आणि रात्रीं दिवा घेऊन त्या फिरत. परंतु आमच्या विषयाला लागू असलेली गोष्ट निराळीच आहे. त्या इस्पितळांत किती माणसें मेलीं, हें कोणासच नीट सांगतां येत नव्हतें. मृतांच्या याद्या तीन ठिकाणीं निरनिराळ्या ठेवीत: एक डॉक्टरांची, एक लष्करी कचेरीची, व एक पुरलेल्यांची. तिन्ही याद्या एकमेकींशीं जुळत नसत. कित्येक माणसें पुरलीं गेलीं, पण डॉक्टरांच्या कागदावर तीं मेलींच नव्हतीं. ज्या मुलाची आई इंग्लंडांत वाट पाहत होती, त्याचें नांव कोणत्याच वहींत धड नव्हतें. मिस नायटिंगेल यांस हा केवळ कारकुनी गोंधळ वाटला नाहीं. माणूस मेला आणि त्याचें मरण कोणी मोजलेंहि नाहीं, ह्याचा अर्थ तो कशानें मेला हें शोधण्याची कोणास गरजच वाटली नाहीं, असें त्यांस दिसलें.

त्या हिवाळ्यांत मृत्यूंचें प्रमाण वाढतच गेलें. १८५५ च्या फेब्रुवारींत तें शेंकडा ४२ पर्यंत चढलें. मार्च महिन्यांत डॉक्टर जॉन सदर्लंड व रॉबर्ट रॉलिन्सन हे आरोग्याची तपासणी करणारें सरकारी पथक घेऊन आले. इस्पितळाची इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी आहे, पाण्याच्या वाटेंत मेलेलें जनावर पडलें आहे, व भिंतींत घाण मुरली आहे, असें त्यांस आढळलें. त्यांनीं गटारें धुवून काढिलीं, शेंकडों गाड्या घाण बाहेर नेली, भिंतींस चुना दिला व वारा येण्यासाठीं वाटा पाडल्या. जून महिन्यापर्यंत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा २ वर उतरलें.

युद्ध संपल्यावर १८५६ सालीं त्या मिरवणुका टाळून गुपचुप घरीं आल्या. क्रिमियांत झालेल्या तापानें त्यांचें शरीर कायमचें खचलें होतें, व पुढलीं पुष्कळ वर्षें त्यांनीं अंथरुणावर पडूनच काम केलें. ह्याच वेळीं त्यांची गांठ विल्यम फार यांच्याशीं पडली. गरीब घरीं जन्मलेले हे गृहस्थ इंग्लंडच्या जन्ममृत्यूच्या सरकारी कचेरींत आंकड्यांचें काम पाहत होते. देशांतील प्रत्येक मरणाचें कारण ठराविक नांवानें लिहिलें जावें, म्हणजे एका गांवाची दुसऱ्या गांवाशीं तुलना करितां येईल, हा त्यांचा ध्यास होता. दोघांनीं मिळून युद्धाचे आंकडे पुन्हां मांडले. पुष्कळ शिपाई आधींच उपाशी व अर्धमेले होऊन उशिरां इस्पितळांत आले म्हणून मेले, अशी मिस नायटिंगेल यांची तोंवर समजूत होती. आंकड्यांनीं दुसरीच साक्ष दिली. लढाईंतील जखमांनीं मेले त्यांहून कितीतरी अधिक शिपाई रोगांनीं मेले होते. आणि त्या हिवाळ्यांत ज्या इस्पितळांत त्या स्वतः रात्रंदिवस राबत होत्या, त्याच इस्पितळाच्या घाणीनें व दाटीनें हजारों माणसें मारलीं होतीं.

वाचकहो, हें कळणें किती कठीण असेल ह्याचा विचार करा. सारा देश त्यांस देवदूत म्हणत होता, आणि समोरचा कागद सांगत होता कीं, माझ्या डोळ्यांदेखत माझ्या लोकांचा नाश झाला व मला त्याचें कारण दिसलें नाहीं. दुसरी कोणी व्यक्ति असती तर तिनें तो कागद जाळून टाकिला असता. त्यांनीं तो छापण्याचा आग्रह धरिला. आंकड्यांचीं लांबलचक कोष्टकें मंत्री वाचीत नाहींत हें ओळखून त्यांनीं वर्तुळाकार रंगीत चित्रें काढविलीं. बारा महिन्यांचे बारा भाग, रोगानें मेलेल्यांचा रंग निराळा, जखमांनीं मेलेल्यांचा निराळा. ज्याला बेरीज येत नाहीं त्यालाहि अर्थ दिसावा. १८५८ सालीं लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. त्या संस्थेंत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत.

मग त्यांनीं इस्पितळांकडे दृष्टि वळविली. लंडनमधील प्रत्येक इस्पितळ आपली वही आपल्या मनास येईल तशी ठेवी. एकाच रोगास ठिकठिकाणीं निरनिराळीं नांवें देत. कोणी बरे झालेले मोजी, कोणी मोजीत नसे. मिस नायटिंगेल यांनीं सर्वांसाठीं एकच नमुना तयार केला. वर्षाच्या आरंभीं किती रोगी होते, वर्षांत किती नवे आले, किती बरे होऊन गेले, किती तसेच गेले, किती मेले, वर्षाअखेर किती उरले, आणि सरासरी किती दिवस राहिले, इतकेच रकाने. पण प्रत्येक रोगासाठीं निराळे, व स्त्रीपुरुष आणि वय ह्यांप्रमाणें निराळे. १८६० सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय सभेनें हा नमुना मान्य केला. लंडनच्या कांहीं मोठ्या इस्पितळांनीं तो भरण्यास आरंभहि केला, परंतु काम फार, कारकून थोडे व खर्च मोठा म्हणून तो पुढें मागें पडला. १८६१ च्या खानेसुमारींत त्या दिवशीं आजारी असलेल्यांची व लोकांच्या घरांच्या स्थितीची नोंद घ्यावी, ही त्यांची विनंतिहि सरकारनें नाकारली. त्यांचीं रोपें अशीं पुष्कळदां पेरल्याबरोबर उगवलीं नाहींत. ह्याच १८६० सालीं लोकांनीं दिलेल्या फंडांतून लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा निघाली. त्या शाळेची कीर्ति सर्वांस ठाऊकच आहे.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. १८५७ च्या बंडानंतर ह्या देशांत इंग्रजी फौज वाढविण्यांत आली, व तिच्या आरोग्याचा प्रश्न पुढें आला. मिस नायटिंगेल यांच्या खटपटीनें १८५९ सालीं त्यासाठीं रॉयल कमिशन नेमिलें गेलें. ह्या देशांत त्या कधींहि आल्या नाहींत. अंथरुणावर पडून एका परदेशाची प्रकृति कशी तपासावी? त्यांनीं प्रश्नपत्रिका तयार करून सुमारें २०० छावण्यांस पाठविली. पिण्याचें पाणी कोठून येतें? तें कशांतून आणतात, कशांत सांठवितात? सांडपाणी कोठें जातें? संडासांची व्यवस्था काय? बराकींत प्रत्येक माणसास किती जागा? छावणीलगतच्या बाजारांत घाण किती? इस्पितळांत किती आले, किती मेले? उत्तरांचे इतके ढीग जमले कीं, बिऱ्हाड बदलतांना ते नेण्यास गाड्या कराव्या लागल्या. त्यांनीं तीं उत्तरें फार व सदर्लंड यांच्या मदतीनें चाळलीं, व त्यांतून आपला अभिप्राय लिहिला.

१८६३ सालीं कमिशनचा दोन हजारांवर पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांत दर वर्षीं हजारीं ६९ मृत्यु होत, असें मागील अनेक वर्षांच्या हिशेबावरून त्यांत दिसून आलें. इंग्लंडांत त्याच वयाच्या पुरुषांत हजारीं सुमारें ९ मरत. मधला फरक हा हवेचा किंवा नशिबाचा नसून घाण पाणी, तुंबलेलीं गटारें, दाटी व दारू ह्यांचा आहे, असें त्यांनीं दाखविलें. अहवालाची लहान आवृत्ति निघाली तेव्हां छावण्यांचीं उत्तरें व त्यांचा अभिप्राय हेच भाग तींतून गळले. त्या स्वस्थ बसल्या नाहींत. आपला अभिप्राय स्वतःच्या खर्चानें छापवून त्यांनीं वांटला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नवे गव्हर्नर जनरल सर जॉन लॉरेन्स हिंदुस्थानास निघण्यापूर्वीं त्यांस भेटले. १८६४ सालीं बंगाल, मद्रास व मुंबई ह्या तिन्ही इलाख्यांत आरोग्यासाठीं सॅनिटरी कमिशन नेमण्यांत आलें, व पुढें प्रत्येक प्रांताच्या सॅनिटरी कमिशनरचा अहवाल दरसाल निघूं लागला. असे अहवाल मिस नायटिंगेल यांच्याकडे जात, आणि त्यांवरील त्यांचे शेरे कडक असत. मुंबईचे आरोग्य अधिकारी डॉक्टर ह्यूलेट यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. १८७३ पर्यंत फौजेंतील मृत्यूंचें प्रमाण हजारीं ६९ वरून १८ वर आलें.

परंतु शिपाई मूठभर आणि रयत कोट्यवधि. बाजारांतील विहीर घाण असतां बराकींतील शिपाई सुखरूप राहणार नाहीं, हें त्यांस प्रथम कळलें. आणि त्यानंतर त्या विहिरीवर अवलंबून असणारी रयत हीच आपली मोठी जबाबदारी आहे, असें त्यांस वाटूं लागलें. १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ व १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ ह्यांनीं त्यांस हालवून सोडिलें. पाटबंधारे, सावकारी व कुळांचे हक्क ह्या विषयांवर त्या लिहूं लागल्या. उपाशी माणसाच्या दारीं रोग लवकर येतो, म्हणून मृत्यूंच्या आंकड्यांत पिकाची व कर्जाची हकीकतहि वाचावी लागते, हें त्या जाणून होत्या.

खेड्यांतील मृत्यूंची नोंद त्या काळीं कशी होई, हें आमच्या वडील वाचकांनीं आपल्या आजोबांकडून ऐकलें असेल. जन्ममृत्यूची वही गांवकामगारांकडे असे. तींत रोगांचे मोजके रकाने: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात व इतर. लिहिणारा वैद्य नव्हे. तो मृत्यूनंतर कानीं आलेलें लिही. त्यामुळें क्षयानें मेलेला, बाळंतरोगानें मेलेली व विषमज्वरानें मेलेला असे सारे तापाच्या रकान्यांत जात. तें पत्रक तालुक्यास, तेथून जिल्ह्यास व तेथून इलाख्याच्या कचेरीस जाई. कचेरींत बेरीज होईपर्यंत पटकीनें गांव सोडून दुसरें गांव धरलेलें असे. तान्हीं मुलें, मुली, आणि गांवकुसाबाहेरचे लोक ह्यांचे मृत्यु सुटून जाण्याचा संभव सर्वांत अधिक. दुसऱ्यांच्या मृत्यूचा सांगावा गांवोगांव पोंचविणें हें ज्या घरांचें वतनी काम होतें, त्यांच्याच घरचा मृत्यु वहींत चढेल अशी खात्री नसे. आपल्यांतील कित्येकांचे पूर्वज त्याच घरांतले होते, हें विसरतां येत नाहीं.

मिस नायटिंगेल यांचा दुसरा आक्षेप ह्याहून तीव्र होता. आंकडे दरसाल गोळा होतात, छापले जातात, आणि गांवची विहीर होती तशीच राहते, तर ते मोजण्याचा उपयोग काय? गांवाकडून वसूल होणाऱ्या पट्टीचा पैसा आधीं त्याच गांवच्या पाण्यावर व स्वच्छतेवर खर्च व्हावा, अशी मागणी त्यांनीं १८९२ सालीं सर विल्यम वेडरबर्न आदि हिंदुस्थानच्या हितचिंतकांसह सरकारकडे केली. १८८९ चा मुंबई इलाख्याचा ग्रामस्वच्छतेचा कायदा होण्याच्या सुमारासहि त्यांनीं त्या कामीं लक्ष घातलें होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार चाले. केवळ हुकमानें खेडें स्वच्छ होणार नाहीं, लोकांच्या भाषेंत, लोकांच्या रीतिभाति जाणणाऱ्या माणसांनीं घरोघर जाऊन समजाविलें पाहिजे, असा त्यांचा सांगावा असे. इंग्लंडांतील बकिंगहॅमशायर परगण्यांत १८९२ सालीं खेड्यांतील घरोघर आरोग्य शिकविणाऱ्या स्त्रिया तयार करण्याचें काम त्यांच्याच प्रेरणेनें सुरू झालें, व असेंच हिंदुस्थानांत व्हावें अशी त्यांची इच्छा होती. १८९४ सालीं बुडापेस्ट येथील आरोग्यविषयक सभेसाठीं त्यांनीं हिंदुस्थानच्या ग्रामस्वच्छतेवर निबंध लिहिला. नाशिक येथें ख्रिस्ती घरीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या ऑक्सफर्ड येथील शिक्षणाच्या फंडासहि त्यांनीं पैसा दिला होता.

त्यांचे दोषहि सांगितले पाहिजेत, नाहीं तर चरित्राची स्तुति होईल. त्या हट्टी होत्या, व आपल्या मित्रांकडून त्या शक्तीबाहेर काम घेत. सिडनी हर्बर्ट आजारी असतांहि त्यांनीं त्यांस कामांतून सुटूं दिलें नाहीं, आणि ते १८६१ सालीं वारल्यावर त्या शोकानें व्याकुळ झाल्या. रोग दुर्गंधीनें व दूषित हवेनें उत्पन्न होतात, स्पर्शानें एकाचा दुसऱ्यास लागत नाहींत, असें मत त्यांनीं फार दिवस सोडिलें नाहीं. १८८४ सालीं कलकत्त्यांत डॉक्टर कॉख यांस पटकीचे जंतु पाण्यांत सांपडले; तरी जुनें मत टाकण्यास त्यांस वेळ लागला. त्यांचें कारण चुकलें, पण शुद्ध पाणी व स्वच्छता हा उपाय चुकला नाहीं. धर्माच्या बाबतींतहि त्यांचे कित्येक विचार आपल्या मंडळीच्या शिक्षणाशीं जुळणारे नव्हते. देव जगाचा कारभार ठराविक नियमांनीं चालवितो, ते नियम आंकड्यांच्या अभ्यासानें कळतात, व कळल्यावर त्याप्रमाणें काम करणें हीच त्याची सेवा, अशी त्यांची श्रद्धा होती.

१८९६ सालीं मुंबईंत व पुढें पुण्यांत प्लेग आला, तेव्हां नोंद ठेवण्याच्या कामाची दुसरी बाजू लोकांस दिसली. रोगी शोधण्यासाठीं शिपाई घरांत शिरूं लागले, स्त्रियांची व देवघरांची मर्यादा राहिली नाहीं, आणि लोक आपले आजारी व आपले मृत लपवूं लागले. जेथें भीति उत्पन्न झाली तेथें वही खोटी झाली, व रोगास आयतीच वाट मिळाली. त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले ह्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करितां करितां त्याच रोगानें मार्च १८९७ मध्यें वारल्या. लोकांनीं आपलें दुखणें कोणास सांगावें, ह्याचें उत्तर त्या दोन दृश्यांत आहे. जो सेवा करितो त्यालाच खरी संख्या कळते.

मिस नायटिंगेल यांची दृष्टि म्हातारपणीं गेली. १९०७ सालीं राजानें त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा बहुमान दिला. तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. राजेरजवाड्यांच्या शेजारीं वेस्टमिन्स्टर ॲबींत पुरण्याची तयारी सरकारनें दाखविली, पण त्यांच्या इच्छेप्रमाणें नातलगांनीं ती नाकारली. हॅम्पशायरांतील ईस्ट वेलो गांवच्या देवळाच्या आवारांत त्यांस पुरलें आहे. दगडावर त्यांच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें व जन्ममृत्यूच्या तारखा एवढेंच आहे. ज्यांनीं लाखों मृतांची नोंद मागितली, त्यांनीं स्वतःची नोंद इतकी थोडकी ठेविली.

आतां काळ पालटला आहे. १९६९ च्या कायद्यानें भारतांतील प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यु ठराविक मुदतींत कळविणें ठरविलें. २००४ सालीं एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याच्या रीतीप्रमाणें उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेनें आपल्या गांवांत ताप, हगवण, खोकला, कावीळ ह्यांचे किती संशयित रोगी दिसले तें दर आठवड्यास लिहावयाचें असे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरनें आपल्या तपासणीवरून लिहावयाचें. आणि प्रयोगशाळेनें परीक्षेंत काय ठरलें तें लिहावयाचें. एका गांवची एका आठवड्याची संख्या नेहमींपेक्षां एकाएकीं चढली, तर जिल्ह्यास ती दिसावी व कोणी तरी विहिरीकडे धांवावें, हा त्यांतला हेतु. पुढें हीच माहिती संगणकावरून जाऊं लागली. लंडनच्या इस्पितळांत कारकुनांच्या अभावीं जो नमुना मागें पडला, त्याचेंच हें मोठें झालेलें लेंकरूं म्हणावें.

परंतु वही कितीहि चांगली असली तरी लिहिणारा हात माणसाचाच असतो. रोगी नसले म्हणजे त्या रकान्यांत निरंक लिहितात. ह्या एका शब्दांत दोन अर्थ लपलेले असतात. एक, मी घरोघर फिरलों व खरोखर कोणी आजारी नाहीं. दुसरा, मी गेलोंच नाहीं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. देवाला मात्र ते निरनिराळे दिसतात, आणि पंधरा दिवसांनीं गांवालाहि दिसतात.

म्हणून खेड्यांत काम करणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस एक विनंति आहे. आपल्या प्रत्येक मंडळींत बाप्तिस्म्याची, लग्नाची व पुरलेल्यांची वही असते. पुरलेल्यांच्या वहींत मरणाच्या कारणाचा रकाना असेल तर तो रिकामा ठेवूं नका, व कळलें नसतां अंदाजानें भरूं नका. दफन झाल्यावर घरच्यांस घेऊन ग्रामपंचायतींत मृत्यूची नोंद झाली किंवा नाहीं तें पाहा. तान्ह्या मुलासाठींहि पाहा. वस्तींत एका आठवड्यांत तीनचार घरीं हगवण किंवा सारखाच ताप दिसला, तर प्रार्थना करा, आणि त्याच दिवशीं आरोग्यसेविकेस कळवा. लोकांस लाज किंवा भीति वाटत असेल तर त्यांच्या दारांत बसा; तुम्ही त्यांची सेवा पूर्वीं केली असेल तर ते तुमच्यापासून लपविणार नाहींत.

दावीद राजानें आपल्या बळाचा गर्व म्हणून लोक मोजले, आणि ती गणना त्याला पाप झाली. आपल्या प्रभूच्या दृष्टांतांतील मेंढपाळानेंहि मेंढरें मोजलीं होतीं; तसें केलें नसतें तर शंभरांतलें एक हरवलें हें त्याला कळलेंच नसतें, व तो त्याला शोधावयास गेलाच नसता. गणती एकच, पण हेतु दोन. मिस नायटिंगेल यांनीं दुसऱ्या हेतूनें मोजलें. आपल्या वहीवरहि तोच हेतु लिहिलेला असो.